खिडकीमागचा कारभारी

गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण ज्या सकाळी खुले होते, त्या सकाळी आठला पाच मिनिटे कमी असताना मुंबईतल्या कितीतरी घरांत एकच चित्र दिसते. बाबा संगणकासमोर बसलेले, आई मोबाइल घेऊन तयार, आणि काका भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून उभे. आठ वाजले की सगळ्यांची बोटे एकदम चालू लागतात. थोड्याच वेळात गाडी भरते. कुणाच्या घरी आनंदीआनंद, तर कुणाच्या घरी एसटीची चौकशी सुरू!

आता समजा, एका डब्यात शेवटची एकच जागा उरली आहे. तिचा क्रमांक ३२. दादरच्या एका मुलीला आणि ठाण्याच्या एका मुलाला ती एकाच क्षणी रिकामी दिसली आणि दोघांनीही 'हवी' म्हणून बटण दाबले. जागा कुणाला द्यायची? कुणालाही दिली तरी चालेल, पण दोघांनाही देऊन चालणार नाही. आणि समजा, मुलीच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि नेमक्या त्याच क्षणी संगणक बंद पडला, तर?

हा पेच तुमच्या हातातला मोबाइल सोडवत नाही. साऱ्या जागांची नोंद ज्यात असते तो माहितीसाठाही तो एकटा सोडवू शकत नाही. या दोघांच्या मध्ये एक तिसरा उभा असतो. त्याला 'ॲप्लिकेशन सर्व्हर' म्हणतात. व्यापारी कंपन्या, बँका, विमा कचेऱ्या, रेल्वे या सर्वांना तो लागतो. बाजारात तो एका प्रकारचा मिळत नाही, अनेक मिळतात. मग त्यांतला कोणता घ्यावा, आणि त्यांची तुलना करायची तरी कशी? आज आपण तेच पाहणार आहोत.

तुमच्या शाळेचे कार्यालय डोळ्यांपुढे आणा. दाखला हवा असेल तर तुम्ही खिडकीपाशी जाता. आत कपाटात मोठमोठ्या नोंदवह्या असतात. पण कुणीही आत शिरून वही उघडत नाही. मध्ये लिपिक असतात. ते तुमचा अर्ज घेतात, फी भरली का ते बघतात, नियम तपासतात, वही काढतात, नोंद करतात, वही जागेवर ठेवतात आणि दाखला तुमच्या हाती देतात. संगणकाच्या व्यवहारात तुमच्या पडद्यावरचे पान म्हणजे खिडकी, माहितीसाठा म्हणजे वही, आणि ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे या लिपिकांचे सबंध कार्यालय. आपण त्याला 'कारभारी' म्हणू. तिकिटाचे भाडे कसे काढायचे, सवलत कुणाला द्यायची हे नियम कंपनीचे प्रोग्रॅमर लिहून देतात. पण माणसे रांगेत उभी करणे, कुणाचे काम कोणत्या लिपिकाकडे द्यायचे ते ठरवणे, वहीच्या खोलीच्या किल्ल्या सांभाळणे आणि अर्धवट राहिलेले काम निस्तरणे, ही कामे सगळ्या कचेऱ्यांत सारखीच. म्हणूनच ती करणारा कारभारी तयार मिळतो.

तो तयार मिळू लागण्यापूर्वी काय होते? १९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात दोन गृहस्थ शेजारी शेजारी बसले होते. गंमत म्हणजे दोघांचेही आडनाव स्मिथ. एक होते अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ, आणि दुसरे आयबीएम या संगणक कंपनीचे विक्रेते ब्लेअर स्मिथ. त्या काळी विमानाची एक जागा राखून ठेवायची म्हणजे कार्डे शोधा, खुणा करा, निरोप पाठवा असा सुमारे दीड तासाचा उद्योग असे. या गप्पांतूनच पुढे 'सेबर' नावाची यंत्रणा जन्माला आली. १९६४ पर्यंत ती पूर्णपणे काम करू लागली आणि दीड तासाचे काम काही सेकंदांवर आले. पण ही सारी यंत्रणा एकाच कंपनीसाठी मुद्दाम घडवलेली होती. प्रत्येक बँकेने आणि वीज कंपनीने असे पहिल्यापासून घडवत बसायचे म्हटले तर खर्च कुणाला परवडणार? १९६९ साली आयबीएमने 'सीआयसीएस' हा प्रोग्रॅम बाजारात आणला. तो मुळात वीज, टेलिफोन यांसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी होता. विकत मिळणाऱ्या कारभाऱ्यांपैकी हा अगदी जुना, आणि अजूनही नोकरीत आहे!

पुढे इंटरनेट आले आणि खिडक्यांची संख्या बेसुमार वाढली. तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९९ च्या डिसेंबरात एक नियमावली प्रसिद्ध केली. जावा या संगणक-भाषेत लिहिलेला व्यापारी प्रोग्रॅम चालवायचा असेल तर कारभाऱ्याला कोणकोणती कामे आली पाहिजेत, हे तिच्यात सांगितले होते. भिंतीवरच्या सॉकेटचे माप ठरलेले असले की कोणत्याही कंपनीचा पंखा त्याला लावता येतो, तसेच हे. एका कारभाऱ्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याकडेही चालावा, अशी त्यामागची कल्पना.

या नियमावलीबरहुकूम काम करणारे बरेच जण पुढे आले. 'वेबलॉजिक' हा एका लहान कंपनीने सुरू केला. ती कंपनी १९९८ मध्ये बीईए या कंपनीने विकत घेतली, आणि २००८ मध्ये बीईएलाच ऑरॅकलने विकत घेतले. 'वेबस्फिअर' आयबीएमचा. 'जेबॉस' हा १९९९ मध्ये सुरू झालेला, फुकट वाटला जाणारा आणि कुणालाही आतून उघडून पाहता येणारा. त्याचाच पुढचा अवतार आज 'वाइल्डफ्लाय' या नावाने ओळखला जातो. आणि 'टॉमकॅट', म्हणजे बोका! तो लिहिणाऱ्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी पाहिले होते, की एका प्रसिद्ध प्रकाशकाच्या संगणकविषयक पुस्तकांवर नेहमी प्राण्यांची चित्रे असतात. आपल्या प्रोग्रॅमवरही कधीतरी पुस्तक निघेल, तेव्हा त्याला प्राण्याचेच नाव असावे म्हणून त्यांनी बोका निवडला. पुस्तक खरोखरच निघाले, पण मुखपृष्ठावर बोक्याऐवजी हिमबिबट्या आला.

टॉमकॅट या साऱ्यांत हलका. नियमावलीतली सगळी कामे तो करत नाही, खिडकीजवळची तेवढी करतो. बाकीचे तिघे भारी. त्यांच्या पेटीत सगळी हत्यारे असतात. मग भारी तो चांगला, असे म्हणायचे का? थांबा. तुलना करायची म्हणजे काय मोजायचे, ते आधी ठरवू.

जाहिरातीत नेहमी सांगतात, 'आमचा सर्व्हर अमुक इतका जलद.' पण कोणत्या वेळी जलद? रात्री तीन वाजता सगळेच जलद असतात. परीक्षा असते ती सकाळी आठची. इथे एक गणित समजून घेतले पाहिजे. एका खिडकीवर प्रत्येक माणसाला सरासरी एक मिनिट लागते असे धरा. लोक आधी ठरवून नव्हे, तर आपापल्या मर्जीने येतात आणि कुणाचे काम लहान, तर कुणाचे मोठे असते. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला रांग धरून सरासरी २ मिनिटे लागतात. खिडकी शंभरातली ८० मिनिटे कामात असेल तर ५ मिनिटे. ९० मिनिटे असेल तर १०, आणि ९५ मिनिटे असेल तर चक्क २०! ९० वरून ९५ म्हणजे काम किंचितच वाढले, पण ताटकळणे दुप्पट झाले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे एर्लांग यांनी १९०९ साली अशा रांगांच्या गणिताचा पाया घातला. ते टेलिफोनच्या तारांबद्दल होते, पण संगणकालाही ते जसेच्या तसे लागू पडते. म्हणून कारभारी निवडताना तो ऐन गर्दीत किती वेळ लावतो हे विचारावे. नेहमीच्या वेळेवर भुलू नये.

गर्दीला तोंड द्यायच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. लग्नाची पंगत बसली आहे असे समजा. एक रीत अशी की प्रत्येक पाहुण्यामागे एक वाढपी उभा करायचा. पाहुण्याचे जेवण होईपर्यंत वाढप्याने हलायचे नाही, मग पाहुणा गप्पा मारत का बसेना. बहुतेक जुने कारभारी असेच वागत. या वाढप्यांना संगणकाच्या भाषेत 'थ्रेड' म्हणतात. टॉमकॅटमध्ये तुम्ही काही बदल केला नाही, तर एका वेळी जास्तीत जास्त २०० थ्रेड काम करतात. आता हिशेब करा. एका मागणीला एक दशांश सेकंद लागत असेल, तर २०० थ्रेड सेकंदाला २,००० मागण्या पुऱ्या करतील. पण प्रत्येक मागणीत बँकेला विचारावे लागते आणि बँक उत्तराला २ सेकंद लावते, असे असेल तर? थ्रेड तेच २००, यंत्र तेच, पण सेकंदाला फक्त १०० मागण्या! थ्रेड कामाने दमलेले नाहीत, ते बँकेची वाट बघत नुसते उभे आहेत. आत असलेल्यांची संख्या म्हणजे दर सेकंदाला येणारे गुणिले प्रत्येकाला लागणारे सेकंद, हा नियम १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केला. इतका सोपा, की सिद्ध कशाला करायचा असे वाटावे. आणि इतका उपयोगी, की मोठमोठे इंजिनिअरही तो विसरले की फसतात.

मग थ्रेड २०,००० करून टाकावेत का? प्रत्येक थ्रेड स्मृतीत आपली जागा अडवतो. आणि सगळे जण एकदम वहीच्या खोलीकडे धावले तर तिथे दारात चेंगराचेंगरी. वहीच्या खोलीच्या किल्ल्या मोजक्याच असतात, बहुतेक वेळा दहा-वीस. किल्ली हातात ठेवून बँकेला फोन लावत बसणारा लिपिक सगळ्या कचेरीचा खोळंबा करतो. असा प्रोग्रॅम लिहिला तर जगातला सर्वांत महाग कारभारी आणूनही उपयोग होत नाही.

दुसरी रीत म्हणजे एकच चपळ वाढपी. तो कुणापाशी थांबत नाही. इथे भात, तिथे वरण, पुढच्याला मीठ असे करत पंगतीतून फिरत राहतो. २००४ मध्ये आलेला 'एनजिनेक्स' आणि २००९ मध्ये आलेला 'नोड' यांची रीत ही. वाट बघणारे पाहुणे हजारो असले तरी यांना फिकीर नसते. मात्र एखाद्याने त्या वाढप्यालाच 'जरा पुरण वाटून आण' असे सांगितले, की सारी पंगत ताटावर हात धरून बसते. म्हणजे ज्या कामात वाट बघणे फार आणि हिशेब थोडा, तिथे ही रीत उत्तम. जिथे हिशेबच भारी, तिथे ती अडते. २०२३ साली जावा भाषेच्या २१ व्या आवृत्तीत अगदी हलके थ्रेड आले. ते लाखोंनी निर्माण केले तरी चालतात. वाढपी पाहुण्यामागे उभा दिसतो, पण पाहुणा गप्पा मारू लागला की त्याचे हात दुसऱ्याच्या पानावर वाढत असतात, असा हा प्रकार.

आता त्या ३२ क्रमांकाच्या जागेकडे पुन्हा वळू. माझ्या दृष्टीने तुलनेचा खरा कस इथेच लागतो. वेग कमी पडला तर माणूस चरफडतो. पण एकाच जागेवर दोघे येऊन बसले किंवा पैसे हवेत विरले, तर त्याचा विश्वासच उडतो. एका बसचे तिकीट काढताना माझे असेच झाले होते. खात्यातून पैसे गेले आणि पडद्यावर शब्द आले, 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा प्रयत्न करायचा म्हणजे पुन्हा पैसे भरायचे की काय? चार दिवसांनी पैसे परत आले खरे, पण त्या चार दिवसांत मी केलेल्या फोनांचा हिशेब कोण देणार?

दोघांना एक जागा मिळू नये म्हणून वहीतल्या त्या ओळीला घटकाभर कुलूप लावतात. कुलूप वहीचे, पण ते कधी मागायचे आणि कधी सोडायचे हे कारभाऱ्याने सांभाळायचे. पैसे आणि जागा या दोन गोष्टी मात्र दोन वेगळ्या वह्यांत, कधी दोन वेगळ्या गावांत असतात. तिथे एका कुलपाने भागत नाही.

शाळेची सहल काढताना गुरुजी काय करतात? ते एसटीच्या डेपोत विचारतात, 'अमुक तारखेला गाडी राखून ठेवाल?' धर्मशाळेत विचारतात, 'खोल्या ठेवाल?' दोघांनीही 'ठेवतो' म्हटल्यावरच ते डायरीत 'सहल नक्की' असे लिहितात आणि मग दोघांना 'पक्के' म्हणून कळवतात. एकाने जरी नाही म्हटले तरी दुसऱ्याला 'रद्द' असे कळवायचे. म्हणजे गाडी आहे पण खोल्या नाहीत, अशी फजिती होत नाही. पैसे आणि जागा यांचा व्यवहार पुष्कळ कारभारी याच दोन टप्प्यांनी करतात. यातला नाजूक क्षण ओळखलात का? दोघांनी 'ठेवतो' म्हटले आणि पुढचा निरोप देण्यापूर्वी गुरुजींना ताप भरला, तर डेपो आणि धर्मशाळा दोघेही अडकून पडतात. गाडी दुसऱ्याला देता येत नाही आणि खोल्याही. म्हणून डायरी महत्त्वाची. गुरुजी बरे झाले की डायरी उघडून अडलेले निरोप पुरे करतात. वेबलॉजिक, वेबस्फिअर, वाइल्डफ्लाय या भारी मंडळींजवळ अशी डायरी सांभाळणारा भाग जन्मतःच असतो. टॉमकॅटजवळ नसतो, तो बाहेरून आणून जोडावा लागतो. शाळेच्या ग्रंथालयाची यादी दाखवायची असेल तर त्याची गरजच नाही. तिथे भारी कारभारी बसवणे म्हणजे पोस्टकार्ड टाकायला ट्रक नेणे. बँकेतून विम्याकडे पैसे वळते करायचे असतील, तर डायरीवाचून चालायचे नाही.

कारभाऱ्यांची तुलना प्रामाणिकपणे कशी करावी, याचा ध्यास जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने घेतला होता. दोन टप्प्यांच्या व्यवहाराचे स्पष्ट विवेचन त्यांनीच १९७८ मध्ये केले. पुढे १९८५ साली त्यांनी आणि त्यांच्या चोवीस स्नेह्यांनी मिळून एक लेख लिहिला आणि लेखक म्हणून नाव घातले 'अनामिक व इतर'. त्यात बँकेत पैसे भरण्या-काढण्याचा एक नमुना व्यवहार दिला होता. सर्वांनी तोच व्यवहार चालवून दाखवावा, शंभरातले ९५ व्यवहार एका सेकंदाच्या आत व्हावेत, आणि यंत्रणेचा पाच वर्षांचा खर्चही सांगावा, अशी अट होती. सरासरी न विचारता 'शंभरातले ९५' विचारले, यातली खुबी पाहा. बहुतेकांना चुटकीसरशी आणि थोड्यांना फार उशिरा उत्तर दिले तरी सरासरी छान दिसते. पण त्या थोड्यांना कुणी विचारावे? कंपन्यांनी लगेच या परीक्षेतून अवघड भाग गाळून आपापले आकडे फुगवायला सुरुवात केली! तेव्हा १९८८ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन परीक्षा घेणारे एक मंडळच स्थापन केले. ॲप्लिकेशन सर्व्हरसाठी पुढे 'स्पेक' या संस्थेने निराळी परीक्षा काढली. तिच्यात एक काल्पनिक मोटार कारखाना आणि त्याचे विक्रेते यांचे व्यवहार चालवून पाहत. या जिम ग्रेंना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये आईच्या अस्थी समुद्रात सोडायला ते एकटेच शिडाच्या नावेतून गेले, आणि परत आले नाहीत.

खर्चाचे एवढेच सांगतो. फुकटचा कारभारीही फुकट पडत नाही. त्याला सांभाळणारी माणसे लागतात आणि रात्री दोन वाजता तो रुसला तर मदतीला धावून येणारे कुणी लागते. विकतचा घेतला तर यंत्राची ताकद वाढवताना परवान्याची रक्कमही वाढू शकते. शिवाय सॉकेटचे मापही बदलते! ती जावाची नियमावली २०१७ नंतर एका नव्या संस्थेकडे गेली, तिचे नाव 'जकार्ता' झाले, आणि त्यापायी प्रोग्रॅममधली नावेही बदलावी लागली. टॉमकॅटच्या ९ व्या आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम १० व्या आवृत्तीवर जसाच्या तसा चालत नाही.

२०१४ साली आपल्या रेल्वेने इंटरनेटवरच्या तिकिटांसाठी नवी यंत्रणा आणली. मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटे देता यावीत अशी तिची रचना होती. म्हणजे सेकंदाला १२०. अशी यंत्रणा उभारताना आणखी एक चाचणी करतात, आणि ती मला सर्वांत आवडते. भर गर्दीत, व्यवहार अर्धवट असताना, मुद्दाम एका संगणकाची वीज तोडायची. मग वीज जोडून दोन्ही वह्या ताडून पाहायच्या. जितकी तिकिटे गेली तितकेच पैसे आले आहेत का? एकही जागा दोनदा विकली गेलेली नाही ना?

वीज तोडायचा प्रयोग तुम्ही करू नका! पण रांगेचा प्रयोग घरच्या संगणकावर करता येईल. टॉमकॅट आणि त्याच्यावर खोटी गर्दी सोडणारा 'जेमीटर', दोन्ही फुकट मिळतात. मोठ्या भावंडाची किंवा शिक्षकांची मदत घ्या. एकच सेकंद झोपून मग उत्तर देईल असे छोटेसे पान लिहा. टॉमकॅटच्या थ्रेडची मर्यादा २०० वरून ४ वर आणा. मग जेमीटरला सांगा, की २० जण एकदम पाठव आणि उत्तर मिळाले की प्रत्येकाने लगेच पुन्हा मागणी करायची. ही खोटी गर्दी फक्त आपल्याच संगणकावर सोडायची, दुसऱ्याच्या नव्हे. प्रत्येकाला किती सेकंद लागतील? लिटल यांच्या नियमाने आधी कागदावर उत्तर काढा. सेकंदाला ४ जण सुटतात आणि आत नेहमी २० जण असतात. मर्यादा ८ केली तर किती सेकंद, आणि ४० केली तर किती, तेही लिहून ठेवा, आणि मगच यंत्र चालू करा.